चौदा महिने : जठराचा कॅन्सर आणि नगर जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्या

गेल्या दोन वर्षांत नगर जिल्ह्यात आम्ही तीन अशा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमांना बसलो, जिथे गेलेला माणूस 'पोटाच्या आजाराने' गेला होता. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. बोलताना आमच्या तोंडात अजून नगरच येते.) त्रिसरण-पंचशील झाले, भाषणे झाली. 'अकाली निधन', 'समाजाची न भरून येणारी हानी' हे शब्द तिन्ही ठिकाणी आले. पोटाचा आजार म्हणजे नेमका कोणता, हे कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर पहिल्या दोन वेळा आम्हीही विचारले नाही. तिसऱ्या वेळी कार्यक्रम उरकल्यावर घरच्यांनी आतल्या खोलीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल आणून आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "दादा, एवढं वाचून सांगा, आमचं काय चुकलं?"

आम्ही ती फाईल वाचली. मग ज्यांना त्यातले कळते अशा दोन डॉक्टर मित्रांकडे घेऊन गेलो. या लेखात जे लिहितो आहोत ते त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर एवढेच, की घरच्यांचे फारसे काही चुकले नव्हते. पण त्याने कोणाचे समाधान होत नाही, आमचेही झाले नाही.

काका पाथर्डी तालुक्यातले. वय बावन्न. वीस-बावीस हंगाम नवरा-बायकोने मिळून कोयता चालवलेला. श्रावणात जेवल्यावर छातीखाली जळजळ सुरू झाली. गावात बसणाऱ्या डॉक्टरने पित्ताची गोळी दिली. बरे वाटले. गोळी संपली की परत जळजळ, परत गोळी. दिवाळीनंतर गाडी भरून उत्तरेकडच्या एका कारखान्यावर गेले. तिथे कोप्यांवर पहाटे तीनला उठून भाकरी थापायची, ती दुपारी फडात गार खायची, पाणी मिळेल तिथले प्यायचे, आणि भूक मारायला बिडी. मेडिकलवरची तीच गोळी आता रोज दोन वेळा. संक्रांतीपर्यंत अंगातला शर्ट ढगळ झाला. मुकादम म्हणाला, उचल फिटल्याशिवाय जाता येणार नाही. एप्रिलमध्ये पट्टा पडला तेव्हा परत आले. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात रक्त कमी निघाले, सलाईन लावले, सोनोग्राफी केली, ती 'नॉर्मल' आली. मे महिन्यात पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणाले, करणी आहे. दोन आठवडे देवऋषाकडे गेले. पावसाळ्यात जेवण दोन घासांवर आले, शौचाला काळे होऊ लागले. नगरला आणून तोंडातून दुर्बीण घातली तेव्हा ऑक्टोबर लागला होता. तुकडा तपासायला गेला, सीटी स्कॅन झाला. जठराचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला होता. चार महिन्यांत सगळे संपले.

श्रावण ते पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर म्हणजे चौदा महिने. या चौदा महिन्यांत काका पाच ठिकाणी गेले, पाचही ठिकाणी पैसे दिले, आणि कोणीही त्यांच्या जठराच्या आत डोकावून पाहिले नाही.

त्याच वर्षी आमच्या एका कार्यकर्त्याच्या ऑफिसातल्या साहेबांना अशीच जळजळ झाली. त्यांच्या मेहुण्याने तिसऱ्या आठवड्यात पुण्याला नेऊन दुर्बीण करून घेतली. आतल्या थरातला छोटा डाग निघाला, तोही कॅन्सरच. शस्त्रक्रिया झाली, साहेब आज सकाळी फिरायला जातात. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्हाला कळते. काकांचा आजार पहिल्या जळजळीच्या वेळी कोणत्या थरात होता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण दोघांच्या मधले अंतर कशाने पडले ते दिसण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.

आता हा 'थर' काय आहे तो समजून घेऊ, कारण सगळा खेळ तिथे आहे. जठराची भिंत काही मिलिमीटर जाडीची असते आणि ती थरांनी बनलेली असते. सर्वांत आत नाजूक अस्तर, त्याखाली मऊ थर, त्याखाली स्नायू, आणि बाहेर पातळ आवरण. जठराचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो आणि बाहेरच्या दिशेने उतरत जातो. जपानी डॉक्टरांनी १९६२ साली व्याख्या केली की जो कॅन्सर पहिल्या दोन थरांच्या पलीकडे गेलेला नाही, तो 'सुरुवातीचा' कॅन्सर. शेजारच्या लसिका गाठींमध्ये तो गेला असो वा नसो, खोली दोन थरांचीच असेल तर तो सुरुवातीचाच. अशा रुग्णांवर उपचार झाले तर जपानमध्ये शंभरातले नव्वदहून अधिक जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तोच कॅन्सर यकृतासारख्या दूरच्या अवयवात पोचल्यावर सापडला तर शंभरातले दहाही उरत नाहीत.

सुरुवातीच्या कॅन्सरमध्येही सगळे सारखे नसतात. तो फक्त अस्तरात असेल तर गाठींमध्ये पसरलेला असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. दुसऱ्या थरात उतरला की तीच शक्यता शंभरात पंधरा-वीसपर्यंत जाते. डाग दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, त्यावर व्रण असेल, पेशी फारच बिघडलेल्या असतील किंवा त्या रक्तवाहिन्यांत-लसिकावाहिन्यांत शिरलेल्या दिसल्या, तर धोका वाढतो. लहान, वरवरचा डाग असेल तर पोट न फाडता, दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो. म्हणजे एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने माणूस आठवड्यात घरी येतो किंवा त्याचे जठर काढावे लागते.

आणि हा आजार घाई करत नाही. ओसाकाच्या डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीचा कॅन्सर सापडूनही ज्यांची शस्त्रक्रिया काही कारणाने झाली नाही किंवा लांबली, अशा ७१ रुग्णांचे पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले. त्यातल्या निम्म्यांचा आजार पुढच्या अवस्थेत जायला सुमारे ४४ महिने लागले. चव्वेचाळीस महिने! मित्रांनो, हा आकडा आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. आजार साडेतीन वर्षांचा वेळ देत असेल, तर आपल्या माणसाचा तो वेळ कोण खाते?

कॉनकॉर्ड-३ नावाचा मोठा जागतिक अभ्यास २०१८ साली लॅन्सेटमध्ये आला. २०१० ते २०१४ या काळात जठराचा कॅन्सर झालेल्यांपैकी, सगळ्या अवस्था धरून, दक्षिण कोरियात सुमारे ६९ टक्के आणि जपानमध्ये सुमारे ६० टक्के रुग्ण पाच वर्षे जगले. भारताचे चित्र दुसऱ्या आकड्यात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी जठराच्या कॅन्सरचे सुमारे ६० हजार नवे रुग्ण आणि सुमारे ५३ हजार मृत्यू. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. कोरियन माणसाचे जठर काही वेगळ्या मातीचे नसते. तिथे चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे.

हा आजार होतो कशाने? इथे डॉक्टर मंडळी 'जीवनशैली' हा शब्द वापरतात आणि आपली मान आपोआप खाली जाते. तिखट खाता, बिडी ओढता, वेळेवर जेवत नाही. जणू कोयता घेऊन पहाटे तीनला उठणे ही कोणी हौसेने निवडलेली शैली आहे. म्हणून कारणे एकेक करून पाहू.

सर्वांत मोठे कारण एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो शोधला. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, व्रण होतात ते चिंतेने आणि तिखटाने, अशी तेव्हाच्या मोठमोठ्या डॉक्टरांची ठाम समजूत होती. मार्शल यांनी १९८४ साली जंतूंनी भरलेले द्रावण स्वतःच पिऊन टाकले आणि आजारी पडून दाखवले. थोरामोठ्यांनी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे कालाम सुत्त ज्यांना ठाऊक आहे त्यांना या माणसाचे कौतुक वाटेल. १९९४ साली या जंतूला कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात घातले गेले, २००५ साली दोघांना नोबेल मिळाले.

हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच शिरतो. दाटीवाटीचे घर, एका खोलीत सात माणसे, अस्वच्छ पाणी, सांडपाण्याची सोय नाही, अशा ठिकाणी तो एका तोंडातून दुसऱ्यात, विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. पुढे वर्षानुवर्षे अस्तराला सूज ठेवतो. अस्तर झिजते, त्याचे रूप बदलते, आणि काही जणांत कॅन्सर होतो. वाचताना आम्हाला थेट महाड आठवले. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जो हक्क बजावला गेला तो माणूसपणाचा होता, आणि त्या पाण्याला आरोग्याचीही बाजू होती. गावाची वरची विहीर कोणाची आणि वस्तीतल्या पोरांनी खालचे पाणी का प्यायचे, या प्रश्नाचे उत्तर चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी जठराच्या अस्तरावर उमटलेले असते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक जणी दलित, निरक्षर. आणि हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा ते मुद्दाम दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाणी हवे असेल त्याने तिथे यावे. आरोग्याच्या इतिहासात या गोष्टीचे कौतुक 'स्वच्छ पाण्याची सोय' म्हणून होते. आम्हाला ती जातीची भौगोलिक रचना उलटवणारी कृती वाटते.

पण इथे आम्ही थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या कोणी डॉक्टर आपल्यालाच खोटे पाडेल. हा जंतू भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात असतो, सवर्णांच्याही. त्यातल्या शंभरात एक ते तीन जणांनाच कॅन्सर होतो. शिवाय जपान-कोरियाच्या मानाने भारतात, आणि भारतातही मिझोरामच्या मानाने महाराष्ट्रात, जठराचा कॅन्सर बराच कमी आहे. जंतू इतका पसरलेला असून कॅन्सर कमी का, याचा उलगडा शास्त्रज्ञांनाही पुरता झालेला नाही. म्हणून 'दलितांना जठराचा कॅन्सर जास्त होतो' असे विधान आम्ही करत नाही. ते सिद्ध करायला जी आकडेवारी लागते ती गोळाच केली जात नाही. कॅन्सर नोंदणीच्या अहवालांत वय असते, लिंग असते, अवयव असतो, जातीचा रकाना नसतो. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. दवाखान्याच्या नोंदवहीत ती कधी मोजणार? आमचे म्हणणे 'कोणाला होतो' यापेक्षा 'झाल्यावर कोण जगतो' याबद्दल आहे.

दुसरे कारण मीठ आणि मिठात मुरवून-वाळवून टिकवलेले अन्न. घरोघरी फ्रिज आल्यावर जगभर जठराचा कॅन्सर कमी होत गेला, त्यामागे हे एक कारण मानले जाते. ताजे मिळू लागले, खारवलेले खाणे घटले. आता आपल्या ताटाकडे पाहा. सुकट, बोंबील, जुन्या पिढीतल्या चान्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. हे पदार्थ आपल्या आज्यांनी चवीसाठी शोधले नव्हते. रोज ताजे विकत घेण्याची ऐपत आणि हक्क दोन्ही नव्हते, म्हणून जे मिळाले ते टिकवले. महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले आणि लोकांनी सोडले. स्वतःच्या ताटाची चिकित्सा करायला आपण कधी घाबरलो नाही. पण २०१५ च्या कायद्याने गरिबाच्या ताटातले स्वस्त ताजे मांस काढून घेणाऱ्यांनी आम्हाला आहारावर व्याख्यान देऊ नये.

तिसरे बिडी. तंबाखूच्या धुराचा जठराच्या कॅन्सरशी संबंध पक्का आहे. नगर आणि संगमनेर ही तर बिडी वळणाऱ्या बायांची गावे. मिश्री आणि तंबाखू चघळणे यांचा पुरावा तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरबाबत जास्त ठाम आहे, पण म्हणून मिश्रीला सूट मिळत नाही. आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण यांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका साधारण दोन-तीन पट होतो. पुरुषांत तो बायकांच्या जवळपास दुप्पट. बाकीची कारणे आहेत, ती किरकोळ आहेत. 

मग सरकारने काय करावे? कोरियासारखी सरसकट सर्वांची दुर्बीण-तपासणी आम्ही मागत नाही. जिथे हा कॅन्सर कमी आहे तिथे हजारो निरोगी माणसांच्या घशात नळी घालून पैसा आणि माणसे वाया जातील, आणि ती दुर्बीण ज्याला खरी हवी त्याच्या वाट्याला आणखी उशिरा येईल. सरकारच्या कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे, जठराची नाही. हा निर्णय आम्हाला चुकीचा वाटत नाही. चूक त्यानंतर होते. ज्याला तक्रार आहे, जो स्वतःच्या पायाने दवाखान्यात आला आहे, त्याच्यासाठीही रस्ता ठरलेला नाही.

ती पित्ताची गोळी आठवा. आम्ल कमी करणारी ही गोळी जळजळ थांबवते. काही वेळा कॅन्सरच्या व्रणावरही वरवरची खपली धरते, माणसाला बरे वाटते आणि आत काम चालू राहते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून काकांना घरी पाठवले. सोनोग्राफीत जठराच्या अस्तरावरचा छोटा डाग दिसत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नाही. रक्त कमी आले तेव्हा लोहाचे इंजेक्शन दिले. बावन्न वर्षांच्या पुरुषाचे रक्त जाते कुठे, हा प्रश्न पडायला हवा होता. बाईच्या बाबतीत तर तो प्रश्न जन्मालाच येत नाही, 'बाईमाणसाचं रक्त कमी असतंच.'

खासगीत दुर्बिणीला दोन-तीन हजार लागतात. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला ते हजार म्हणजे पुढच्या हंगामाचे कर्ज. महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे, आता पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि किमोथेरपी त्यात बसते. ती आपण वापरलीच पाहिजे, आणि काकांच्या शेवटच्या चार महिन्यांत ती उपयोगी पडली हेही खरे. पण योजनेचे दार निदानाचा कागद हातात आल्यावर उघडते. त्या कागदापर्यंतचे चौदा महिने माणूस स्वतःच्या खिशावर असतो. लवकर सापडला असता तर थोडक्यात भागले असते. उशिरा सापडला की योजना लाखभर खर्च करते आणि माणूसही जातो. ही कसली काटकसर?

ऊसतोड कामगार तर कागदावर कोणाचाच कामगार नाही. १९४३ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, प्रा. अदारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला नेमले गेले. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. त्या परिसरात आज मोठे रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेज आहे. पण ज्या कोयत्यावर ही साखर उभी आहे तो मुकादमाच्या वहीत 'जोडी' म्हणून लिहिला जातो, माणूस म्हणूनही नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मोठ्या यंत्रांचे, मोठ्या डॉक्टरांचे काम, कार्यकर्ता काय करणार? त्यासाठी जामखेडच्या शेजारी बार्शीला जाऊ. तिथे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत माणसे फिरली. नोंद घ्यायची तर लोकांशी बोलावे लागते, म्हणून त्यांनी बैठका घेतल्या, लक्षणे सांगितली, संशय असेल त्याला बार्शीला यायला सांगितले. काही वर्षांनी आकडे पाहिले तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या होत्या. नवे यंत्र आले नव्हते. कोणीतरी दारात येऊन नीट बोलले होते, एवढेच. जठराचा कॅन्सर त्याहून अवघड आहे, बाहेरून दिसत नाही, दुर्बिणीशिवाय कळत नाही, आणि सुरुवातीला तर बऱ्याचदा काहीच त्रास देत नाही. तरीही पहिल्या तक्रारीपासून दुर्बिणीपर्यंतचे महिने कमी करणे हे बोलण्याचे, सोबत जाण्याचे, पाठपुराव्याचे काम आहे. ते आपल्याला येते. तहसील कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी आपण महिनोन्महिने हेच करतो.

इथे चळवळीतल्या मित्रांशी थोडे भांडायचे आहे. नगर जिल्हा म्हटले की आपल्याला सोनई, खर्डा, जवखेडा आठवतात. आठवलेच पाहिजेत. मोर्चे निघाले, आम्हीही त्यात होतो. परंतु कुऱ्हाडीने मारलेला माणूस आपल्या यादीत येतो आणि चौदा महिने पित्ताच्या गोळीवर ठेवून मारलेला येत नाही, असे का? एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला तोंडावर सांगितले, "कॅन्सर काय जात बघून होतो का? तुम्ही एनजीओवाले झालात." होताना जात बघत नसेल, साहेब. सापडताना बघतो. कोणाचा मेहुणा पुण्यात डॉक्टर आहे आणि कोणाचा मुकादम गाडी सोडत नाही, हे कशावरून ठरते?

आणि दुसरे, घरातले. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून माणूस देवऋषाकडे जातो, तेव्हा त्याला हसून उपयोग नाही. दवाखान्याने पाच वेळा परत पाठवल्यावर तो सहावीकडे गेला. पण त्या दोन आठवड्यांत आपण कुठे होतो? वस्तीत जयंतीची वर्गणी तेव्हाच चालू होती. डीजेचे एका रात्रीचे भाडे किती आणि त्यात किती दुर्बिणी झाल्या असत्या, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या मंडळात करावा. आम्ही आमच्या मंडळात केला आणि दोन दिवस कोणी एकमेकांशी बोलले नाही. जयंतीची आरोग्य शिबिरेही पाहा. वजन, बीपी, साखर, चष्मा, फोटो. शिबिरात ज्याचे रक्त कमी निघाले त्याचे नाव दुसऱ्या दिवशी कोणाच्या वहीत असते का?

म्हणून आम्ही वही केली आहे. साधी दोनशे पानी. चाळिशीच्या पुढे नव्याने सुरू झालेली आणि गोळ्या घेऊनही तीन-चार आठवड्यांत न गेलेली जळजळ किंवा अपचन, थोडे खाल्ले की पोट भरणे, विनाकारण वजन उतरणे, काळी शौच, उलटीत रक्त, गिळताना अडकणे, आणि कारण न सापडलेली रक्तातली कमी. यातले पहिले सोडले तर बाकीची लक्षणे बऱ्याचदा आजार पुढे गेल्यावर दिसतात, त्यामुळे पहिल्यावरच थांबून डॉक्टरला विचारायचे: 'दुर्बीण केव्हा?' चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर वही नंतर, आधी गाडी. घरात कोणाला हा कॅन्सर झाला असेल त्यांची नावे वेगळ्या पानावर. त्यांच्यात जंतूची तपासणी श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते, आणि जंतू निघाला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण चौदा दिवसांच्या औषधांनी तो जातो. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून सगळ्या प्रौढांमधला हा जंतू शोधून मारला, तेव्हा तिथला जठराचा कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. औषधे अर्धवट सोडली तर मात्र जंतू निर्ढावतो, म्हणून मेडिकलवरून परस्पर घ्यायची नाहीत.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे. जिल्हा रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालयांना चार प्रश्न: गेल्या तीन वर्षांत तोंडातून दुर्बिणीच्या तपासण्या किती झाल्या, कोणत्या वारी होतात आणि नंबर लागायला किती दिवस जातात, जठराचे कॅन्सर किती सापडले आणि कोणत्या अवस्थेत, त्या रुग्णांचे तालुके कोणते. उत्तरे आली की त्यावरच पुढची मागणी उभी राहील, ठरलेल्या वारी मोफत दुर्बीण आणि साखर कारखान्याच्या तळावर हंगामात दोनदा आरोग्य पथक. ज्यांना आपल्या तालुक्यासाठी हा अर्ज हवा असेल त्यांनी मसुदा मागून घ्यावा. नाव आपले घाला, प्रश्न बदलू नका. सगळीकडून सारखीच माहिती आली तर जोडता येते.

वहीच्या वेगळ्या पानावर पहिले नाव काकांच्या मुलाचे आहे. वय एकतीस, बिडी सोडतो म्हणालाय, सोडलेली नाही. वडिलांच्या आजारात झालेले कर्ज फेडायला त्याने आणि बायकोने यंदा उचल घेतली आहे. दिवाळीनंतर गाडी भरेल. तपासणी आणि निघालाच तर चौदा दिवसांचे औषध, हे दोन्ही त्याआधी व्हायला हवे. येत्या गुरुवारी आमच्यातले दोघे त्याच्याबरोबर सकाळच्या एसटीने नगरला जात आहेत.